चर्चमधली गिटार: जागा, पट्टी आणि वेळापत्रक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात चर्चमधली गिटार, ड्रम आणि तरुणांच्या 'प्रेज अँड वर्शिप' संध्यांवरून सध्या बरीच खडाजंगी चालू आहे. एक बाजू म्हणते, देवळाचा ऑर्केस्ट्रा झाला. दुसरी म्हणते, गिटार काढा, मग बाकांवर तरुण शोधत बसा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) कॉयर म्हणजे गायकवृंद आणि युवा कामाशी संबंध असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. वाद वाद्यावर अडला आहे आणि काम ज्या गोष्टींनी बिघडते त्यांचा उल्लेख कुणीच करत नाही. गाणे मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) कोणत्या जागी बसवले? कोणत्या पट्टीत धरले? बाकांवरचे लोक गायले की नुसते ऐकत राहिले? आणि गाण्यासाठी म्हणून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा पुढच्या आठवड्यात कशासाठी येणार?

आधी नियमांचे बोलू, कारण दोन्ही बाजू न वाचताच नियम सांगतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या महासभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३चा. त्याच्या १२०व्या परिच्छेदात पाइप ऑर्गनला मान दिला आहे आणि लगेच पुढे इतर वाद्यांना वाट मोकळी ठेवली आहे. ती पवित्र कार्याला योग्य असावीत किंवा तशी करता यावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावीत, भाविकांची उन्नती करणारी असावीत आणि त्यांना त्या प्रदेशातील धर्माधिकाऱ्यांची संमती असावी, एवढ्या अटी. त्याआधीच्या परिच्छेदात, ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य स्थान द्यावे असे सांगितले आहे. त्यामुळे गिटारला बंदी आहे हे खरे नाही आणि गिटार आपोआप मंजूर आहे हेही खरे नाही. संमती कोणाची घ्यायची, हे कोकणात तर मुद्दाम विचारावे लागते. वसईचा धर्मप्रांत (बिशपांचा कारभारप्रदेश) १९९८ साली झाला, सिंधुदुर्गचा २००५ साली, आणि मधला रायगड मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतो. एका ठिकाणचा रिवाज दुसऱ्या ठिकाणी नियम म्हणून सांगू नये. आणि 'परकीय वाद्य' हा आक्षेप घेणाऱ्यांनी समोरच्या हार्मोनियमकडे एकदा पाहावे. तीही एकोणिसाव्या शतकात युरोपातूनच आली.

याहून महत्त्वाचा पण कुणी न उघडणारा कागद म्हणजे रोमने काढलेली ५ मार्च १९६७ची पवित्र संगीतावरची सूचना. तिच्यात गायनाच्या तीन पायऱ्या लावून दिल्या आहेत. पहिलीत धर्मगुरूंचे अभिवादन आणि लोकांचे प्रत्युत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, 'पवित्र, पवित्र', कृतज्ञताप्रार्थनेच्या शेवटचे महास्तवन, प्रभूची प्रार्थना, निरोप. दुसरीत दयायाचना, गौरवगीत, 'देवाच्या कोकरा', विश्वासांगीकार, श्रद्धाळूंच्या प्रार्थना. प्रवेशाची, अर्पणाची आणि कम्युनियनची (पवित्र भाकर घेतानाची) गीते येतात ती तिसरीत. सूचना स्पष्ट सांगते की पहिली पायरी एकटी वापरता येते; दुसरी आणि तिसरी मात्र पहिलीला सोडून कधीच वापरू नये. आपल्या बहुतेक युवा कॉयरमध्ये काय होते? सराव तिसरीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. प्रवेशगीताला चार कॉर्ड, मधे सोलो, शेवटी पट्टी बदलून चढवलेले धृपद. आणि 'पवित्र, पवित्र' मात्र घाईने म्हणून टाकलेले, महास्तवनाचे 'आमेन' कसेबसे पुटपुटलेले. ऑर्केस्ट्राचा भास होतो तो इथे. नव्या कॉयरला आमचा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: पहिले तीन महिने एकही नवे गीत घेऊ नका. प्रत्युत्तरे, 'पवित्र, पवित्र' आणि महास्तवनाचे 'आमेन' एवढेच एका पट्टीत, वाद्याशिवाय, बाकांवरच्या लोकांसकट बसवा. कंटाळवाणे वाटेल, पण लोकांचा आवाज सुटतो तो यानेच.

मिस्सेत हमखास घडणाऱ्या काही चुका इथेच सांगतो. शांती देताना टाळ्यांच्या ठेक्यावर 'शांतीगीत' सुरू होते. रोमच्या उपासनाविभागाने २०१४च्या पत्रात असे गीत रोमन विधीत नाहीच असे स्पष्ट केले आहे, आणि त्या गाण्याच्या ओघात 'देवाच्या कोकरा' गिळले जाते, हे वेगळेच. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी आवडते भक्तिगीत घालता येत नाही. गौरवगीताचे शब्द बदलून 'तसाच आशय असलेले' दुसरे गीत चालत नाही. कृतज्ञताप्रार्थना चालू असताना कीबोर्डवर मंद सूर धरून ठेवायची फॅशन रेकॉर्डिंग ऐकून आली आहे. धर्मगुरू त्या प्रार्थना म्हणत असताना कोणतेच वाद्य वाजू नये असा नियम आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: तो सूर लोकांना भावूक करतो आणि शब्दांवरून लक्ष उडवतो. ईस्टरआधीच्या, राखेच्या बुधवारपासूनच्या प्रायश्चित्तकाळात वाद्य फक्त गायनाला आधार म्हणून वाजवायचे, नुसते वादन नाही. सूट आहे ती चौथ्या रविवारी आणि मोठ्या सणांना. त्या काळात आलेलुया नाही, आणि सण सोडून गौरवगीतही नाही. ड्रमवाल्या मुलाला हे फेब्रुवारीतच सांगून ठेवावे. ऐनवेळी सांगितले की त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो.

मग ही नवी गाणी गायची कुठे? खरे तर त्यांना स्वतःची, चांगली, मोकळी जागा आहे: तरुणांची संध्याकाळची प्रार्थनासभा, रिट्रीट (एकांतसाधनेचे शिबिर), पवित्र साक्रामेंताची म्हणजे भाकरीच्या रूपातल्या ख्रिस्ताची आराधना. ज्या संगीताला आज 'कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक' म्हणतात ते साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हिप्पी तरुणांच्या 'जीझस मूव्हमेंट'मधून वर आले. सभा, रेकॉर्ड, रेडिओ आणि पुढे भव्य स्टेज हा त्याचा प्रवास. ते प्रामुख्याने प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाढले. म्हणून ते वाईट ठरत नाही. पण त्यात 'मी आणि माझा देव' भरपूर असतो. साक्रामेंत, मरियामाता, संत, मृतांसाठी प्रार्थना जवळजवळ नसतात. फक्त अशाच गाण्यांवर वाढलेल्या मुलाचा विश्वास एका अंगाने लंगडा राहतो. अमेरिकेतल्या बिशपांच्या धर्मसिद्धान्त समितीने २०२०मध्ये गीतांचे शब्द तपासण्यासाठी एक टिपण काढले आहे. कम्युनियनच्या गीतांत ख्रिस्तशरीराला नुसती भाकर-द्राक्षारस म्हणून ठेवले आहे का, चर्च ही आपणच उभारलेली संस्था आहे असे सुचवले आहे का, असे त्यातले प्रश्न मराठी गीतांनाही लावून पाहण्यासारखे आहेत.

सभा पाऊण ते सव्वा तासाची असावी. सुरुवातीला तीन गाणी, त्यांतले एक सगळ्यांना पाठ असलेले. मग बायबलवाचन, दहा मिनिटांचे चिंतन (वक्ता वीस मिनिटे मागेल, देऊ नका), आणि आराधना असेल तर किमान पंधरा मिनिटे पूर्ण शांतता. पूर्ण म्हणजे गिटारची तार छेडायचीही नाही. बँडला सगळ्यात अवघड जाते ती हीच पंधरा मिनिटे. पवित्र साक्रामेंत केवळ आशीर्वाद देण्यापुरते दर्शनासाठी उघड करता येत नाही. वाचन, गीत, प्रार्थना आणि मौन यांना पुरेसा वेळ द्यायचा, हाही नियमच आहे. साक्रामेंताचा आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकननेच द्यायचा असतो, त्यामुळे धर्मगुरूंची वेळ आधी घ्या, साउंडवाल्याची नंतर.

आता पट्टी. लोक गात नाहीत याचे सर्वांत मोठे कारण श्रद्धेचा अभाव नसतो, पट्टी असते. ही गाणी वरच्या आवाजाच्या गायकासाठी, त्याच्या सोयीने रेकॉर्ड झालेली असतात. कडवे खाली, कुजबुजल्यासारखे. धृपद एकदम सप्तकभर वर. स्टेजवर ती उडी टाळ्या घेते, बाकांवर ती लोकांची तोंडे बंद करते. मिश्र सभेचा सुखाचा पल्ला हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (सी) वरच्या पांढरी दोनपर्यंत (डी) धरावा. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. सकाळी सातच्या मिस्सेला आणखी एक पट्टी खाली, कारण गळे उघडलेले नसतात. समजा मूळ गाणे पांढरी सातमध्ये आहे आणि धृपद पंचमापर्यंत चढते. म्हणजे वरचा सूर काळी तीन. तेच गाणे चार पट्ट्या उतरवून पांढरी पाचमध्ये धरले की वरचा सूर पांढरी दोनवर येतो आणि मावशी-काकाही गातात. पण मग कडवे पुरुषांना फार खोल जाते. यावर दोन उपाय आहेत. कडवे एकानेच म्हणावे आणि धृपद सर्वांनी, किंवा कडवेही वरच्या सप्तकातूनच सुरू करावे, म्हणजे उडीच उरत नाही. गिटारवाल्याला पांढरी पाच म्हणजे मोकळ्या तारांचा जी. पांढरी सहा हवी असेल तर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि बोटे तीच. कीबोर्डच्या ट्रान्सपोज (पट्टी आपोआप बदलणाऱ्या) बटणापासून मात्र सावध राहावे. एका गाण्याला लावलेले ट्रान्सपोज काढायचे राहते आणि पुढचे गाणे गिटार एका सुरात, कीबोर्ड दुसऱ्यात असे सुरू होते. प्रत्येक गाण्यानंतर ते शून्यावर आणण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावी.

इंग्रजी गाण्यांची मराठी रूपे हा आणखी एक घोटाळा. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी शब्द ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे धृपदाचा सगळ्यात उंच आणि लांब सूर बिचाऱ्या 'आहेस'वर जाऊन पडतो आणि देवाचे नाव मधल्या घाईच्या सुरांत चिरडले जाते. भाषांतर करायचेच असेल तर आधी चालीतला सर्वांत लांब सूर शोधावा, तिथे कोणता शब्द हवा हे ठरवावे आणि मग ओळ उलटी बांधत यावे. लांब सुरावर आ, ए, ओ यांसारखा मोकळा स्वर असावा. उंच सुरावरची 'ई' सामान्य गळ्याला चिमटते.

खरे तर एवढी ओढाताण कशाला? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे; त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली. ते प्रोटेस्टंट होते म्हणून त्यांची भजने गायला कॅथलिकांना काही अडचण नाही. ओवी आणि अभंगाचा साचा प्रतिसाद स्तोत्राला तर मुद्दाम शिवून दिल्यासारखा बसतो: एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी धृपद उचलायचे, ताल साधा आठ मात्रांचा. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, त्यामुळे प्रत्येक स्तोत्राला वेगळी चाल बांधत बसलात तर कुणालाच काही पाठ होणार नाही. नियमाप्रमाणे त्या त्या ऋतूसाठी नेमलेले स्तोत्रही वापरता येते. आठ-दहा चाली बसवल्या, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या आठवड्यांच्या) दोन, नाताळची एक, प्रायश्चित्तकाळाच्या दोन, पुनरुत्थानकाळाच्या दोन आणि उरलेल्या सामान्य काळाच्या, की धर्मग्रामाचे वर्ष निघते. या चाली गिटारवर उत्तम वाजतात. वीस वर्षांच्या मुलाला 'जुने' काय ते कळत नाही; त्याला बेसूर आणि रटाळ कळते. नवे गीत महिन्याला एकच घ्यावे, मिस्सेआधी पाच मिनिटे लोकांना शिकवावे आणि सलग चार रविवार तेच ठेवावे. पाचव्या रविवारी कॉयर कंटाळलेले असते आणि लोक नुकते गाऊ लागलेले असतात. तेव्हा ते बदलू नये.

शब्द पडद्यावर दाखवणार असाल तर एका पानावर चार ते सहा ओळी, पांढरी अक्षरे, गडद पार्श्वभूमी. जुन्या टंकातली मराठी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की जोडाक्षरांचा चिवडा होतो, आणि तो नेमका प्रवेशगीताच्या वेळी कळतो. युनिकोडमध्ये टंकलिखित करून पीडीएफ करून न्यावे.

आवाजाच्या यंत्रणेवर पैसे उलट्या क्रमाने खर्च होतात. आधी ड्रमसेट येतो, शेवटी माइकचा स्टँड. आपली जुनी चर्चे जाड जांभ्याच्या भिंतींची, उंच छताची, फरशीची. रिकामे असताना टाळी वाजवली तर आवाज दोन-तीन सेकंद फिरत राहतो. अशा ठिकाणी ड्रमच्या झांजा आणि जलद शब्द एकमेकांत कालवले जातात. लोक भरले की घुमणे कमी होते, म्हणून शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये लावलेला आवाज रविवारी चुकतो. तो मिस्सेत मागच्या बाकावर जाऊन ऐकायला एक माणूस हवा. ड्रमसेटऐवजी काहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), ढोलकी किंवा तबला पुरतो. दक्षिण कोकणात घुमट हे कातडे ताणलेल्या मडक्याचे वाद्य आहेच. गोव्याने २०१९मध्ये त्याला वारसावाद्याचा दर्जा दिला. फक्त घोरपडीच्या कातड्याचे घुमट वन्यजीव कायद्याने चालत नाही, बकऱ्याच्या कातड्याचे घ्यावे.

जुन्या चर्चमध्ये कॉयरचा माळा मागच्या बाजूला असतो. गायक माळ्यावर आणि ढोलकीवाला पुढे वेदीजवळ, अशी वाटणी झाली की ठेका घसरतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटर लांबीच्या चर्चमध्ये एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. दोघेही बरोबर वाजवत असतात आणि दोघेही एकमेकांना दोष देत असतात. सर्वांना एकत्र बसवावे. आठ गायकांना आठ माइक देऊ नयेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न मारता मिळणारा आवाज सुमारे तीन डेसिबलने घटतो. दोन चांगले माइक पुरतात. गायक माइकपासून जेवढ्या अंतरावर असतील, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे. स्पीकर माइकच्या पुढे, कानांच्या वर, लोकांकडे किंचित झुकवलेले; मागच्या भिंतीवर रोखलेले नकोत. गिटार थेट मिक्सरला जोडली की गुंगूं आवाज येतो, तो मधे जोडायच्या डीआय बॉक्स या छोट्या यंत्राने बहुतेक वेळा जातो. गेला नाही तर चर्चचे अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम इलेक्ट्रिशियनचे आहे, कॉयरमास्टरचे नाही.

पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते. गिटारला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवते. वरची फळी फुगते, तारा बोटांच्या पट्टीपासून उचलल्या जातात, शेवटी ब्रिज सुटतो. केस बंद ठेवावी, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात आणि रंग बदलला की त्या वाळवाव्यात. तारा वाजवून झाल्यावर पुसाव्यात. खाऱ्या हवेत साध्या तारा फार लवकर गंजतात. तबला-ढोलकीचे कातडे सैलावते आणि पट्टी उतरते. हार्मोनियमला आतल्या चामड्यावर बुरशी धरते. वाद्ये पश्चिमेच्या ओल्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवणे हा गुन्हा समजावा. छतावर पत्रे असतील तर श्रावणसरीपुढे कोणताही स्पीकर हरतो, आणि वीज गेली की कीबोर्ड गप्प होतो. म्हणून प्रत्येक गाणे वाद्याशिवाय म्हणून पाहिलेले असावे. ज्या कॉयरला विजेशिवाय गाता येत नाही, त्याला गाणे पाठ झालेले नाही.

इथवर संगीत. युवा काम त्याहून मोठे आहे आणि आपल्याकडे ते बँडच्या पाठीमागे लपते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या युवा सिनॉडनंतर (तरुणांविषयीच्या बिशपांच्या सभेनंतर) २५ मार्च २०१९ रोजी तरुणांना उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात युवा कामाच्या दोन वाटा सांगितल्या आहेत: नव्या तरुणांपर्यंत पोचणे आणि आलेल्यांची वाढ. संगीत पहिल्या वाटेवर फार उपयोगी पडते. तरुण त्यातच बुडालेले असतात हे त्या पत्रातही म्हटले आहे. दुसऱ्या वाटेवर त्याची ताकद कमी पडते. आणि देवाच्या उत्कट अनुभवानंतर तरुणांच्या वाट्याला फक्त शिकवणुकीचे वर्ग आले की ते कंटाळून निघून जातात, हाही इशारा तिथेच आहे. केरळात १९८५ साली सुरू झालेल्या आणि २०१६मध्ये रोमची मान्यता मिळालेल्या 'जीझस यूथ' चळवळीचा स्वतःचा बँड आहे, पण चळवळीची घडी बसली आहे ती छोट्या प्रार्थनागटांवर. आपल्याकडे बँड उचलला जातो आणि गट राहून जातात.

गट सहा ते दहा जणांचा असावा. पंधरा-सोळा वर्षांची दृढीकरणाच्या संस्काराची तयारी करणारी मुले आणि अठ्ठावीस वर्षांचे नोकरदार एका गटात बसवू नयेत. एकाला दहावी आहे, दुसऱ्याला घराचा हप्ता आणि लग्नाचा प्रश्न. दोघेही गप्प बसतात. शिवाय अठरा वर्षांखालील मुले असतील तिथे सरावाला आणि सहलीला कायम दोन जबाबदार प्रौढ हवेत आणि पालकांची लेखी परवानगी हवी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा आहे. धर्मग्रामांत तो अजून सगळ्यांना नवाच वाटतो.

वेळापत्रक ठरवताना मात्र कमिट्या मुंबईच्या पॅरिशची नक्कल करतात आणि फसतात. रविवारी संध्याकाळी पाच वाजता 'यूथ मीटिंग'. मालवण-तारकर्ली पट्ट्यात रविवार हा होमस्टे, बोटिंग आणि खानावळींचा सर्वांत धावपळीचा दिवस. ऑक्टोबर ते मे तरुण सुटणारच नाहीत. तिथे मंगळवार किंवा बुधवारची रात्र ठेवावी. मासेमारी करणाऱ्या गावांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशी तरुण घरी असण्याचे हे दोन महिने. नवा गट सुरू करायचा तो तेव्हा, आणि नेमके तेव्हाच 'पाऊस आहे' म्हणून सगळे कार्यक्रम बंद ठेवले जातात. देवगड-वेंगुर्ल्याच्या बागायतीत एप्रिल-मे आंब्याचा, त्यामुळे ईस्टरनंतरची शिबिरे तिथे ओस पडतात. वसई-विरारची तरुणाई लोकलने रात्री साडेआठ-नऊला परतते. तिला साडेनऊला पाऊण तासाचा, घराजवळचा, चहासकटचा गट झेपतो. आखाताला किंवा बोटीवर गेलेला मुलगा महिनोन्‌महिने येणार नाही, पण त्याच्या फोनवर दर शनिवारी रविवारच्या स्तोत्राचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवता येते. सुट्टीवर आला की पहिल्याच रविवारी तो बाकावरून गातो.

हीच गळती कॉयरलाही लागते. बहुतेक ठिकाणी गिटार वाजवणारा एकच असतो, आणि तो बारावीनंतर पुण्याला जातो. प्रत्येक वाद्याला एक शिकाऊ जोडून द्यावा आणि महिन्यातून एका रविवारी त्यालाच वाजवू द्यावे, चुकला तरी. गाण्यांची वही एकाच नमुन्यात ठेवावी: वर पट्टी, कॅपो, ठेका, खाली कॉर्डसह शब्द. ती गिटारवाल्याच्या मोबाइलमध्ये नव्हे, सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या) कपाटात असावी.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्या धार्मिक विधीत गाणे वाजवण्याला आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला सूट आहे. भाषांतर करून छापणे किंवा यूट्यूबवर चढवणे या सुटीत येत नाही. त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांची भजने खुशाल छापावीत. उघड्या पटांगणावरच्या संध्येला ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढावी आणि रात्री दहाला तो बंद करावा, शेवटचे गाणे राहिले असले तरी.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी ख्रिस्तराजाचा सण धरावा. धर्मप्रांतीय युवा दिन २०२१पासून झावळ्यांच्या (ईस्टरच्या आदल्या) रविवारऐवजी त्या दिवशी पाळला जातो. तो २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यानच्या रविवारी येतो. गट जून-जुलैत उभा करावा, ऑगस्ट ते ऑक्टोबर पहिल्या पायरीची प्रत्युत्तरे आणि चार स्तोत्रे बसवावीत, आणि बँडची सगळी हौस त्या शनिवारच्या संध्याकाळी मैदानात फेडून घ्यावी. पुढचाच रविवार आगमनकाळाचा. वाद्ये हात राखून वाजवायची, गौरवगीत नाही. ड्रम त्याच रात्री गाडीत भरून परत पाठवता येतात.

आपले,
वसई, रायगड आणि सिंधुदुर्ग येथील कॉयर व युवा कार्यकर्ते